साबणातला मध

आमच्या लहानपणी घरात मध असायचा आणि साबणही असायचा, पण दोन्ही एका फळीवर कधी नसायचे. मध औषधाचा. खोकला झाला की आल्याच्या रसातून चमचाभर मिळायचा. साबण म्हणजे कपड्यांचा ५०१ बार, तोही कापून तुकड्या-तुकड्यानं पुरवायचा. अंगाला डाळीचं पीठ, डोक्याला शिकेकाई नाहीतर रिठा, भांड्यांना चुलीतली राख. आता आमच्या नवी मुंबईत बचत गटाच्या बाया घरच्या घरी साबण करतात आणि त्यात मध घालतात. हे दोघं एका वडीत आले कसे, ते सांगण्यासारखं आहे.

साबण आला विलायतेहून. लिव्हर कंपनीचा सनलाइट १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. त्या काळच्या साबणात जनावराची चरबी असे, म्हणून सोवळ्यातली माणसं त्याला शिवत नसत. पहिलं महायुद्ध संपता संपता मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला आणि ती अडचण गेली.

मधाची वाट रानातली. आमच्याकडं कर्नाळ्याच्या सुळक्याला आग्या माश्यांची पोळी लटकतात. रानातून मध काढायचा तो कातकरी-ठाकरांनी. धूर करायचा, पोळं कापायचं आणि पिळायचं. पिळताना मधाबरोबर पिल्लंही जात. लाकडी पेटीत चौकटी बसवून माश्या पाळायची रीत अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ साली रुळवली. पुढं १८६५ साली ऑस्ट्रियात चौकट फिरवून मध काढायचं यंत्र निघालं. पोळं शाबूत राहतं, माशी जगते. आपल्याकडं महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशी अशा पेट्यांत पाळली गेली.

दोघांची गाठ पडली ती ग्रामोद्योगात. महात्मा गांधींनी १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला. घाणी, गूळ, हातकागद यांच्या जोडीला तिथं मधमाशापालन होतं आणि साबणही होता. १९५७ साली खादी ग्रामोद्योग आयोग झाला, त्याच्या यादीतही दोन्ही धंदे आले. साबणासाठी खायचं तेल न नासता कडुलिंब, करंज, मोह यांची तेलं वापरावीत, असा त्यात विचार होता. माश्यांच्या अभ्यासासाठी पुण्यात १९६२ साली केंद्रीय संस्था निघाली. म्हणजे ज्याच्याकडं शेत नाही किंवा शेत पुरत नाही, त्याच्या हाताला काम मिळावं, हे दोन्ही धंद्यांचं मूळ.

आमच्याकडं तीच वेळ आली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाचा कुलाबा जिल्हा मिळून ९५ गावांची जमीन शहरासाठी घ्यायचं ठरलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. पुढं साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. भूखंड मिळाला, पण भात लावणाऱ्या बायांचे हात रिकामे झाले. साबणाला जमीन लागत नाही, ओटा पुरतो. म्हणून या कामाला मी हलकं समजत नाही.

आता करायची रीत. एक किलो खोबरेल तेलाला साधारण १७० ते १७५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. हातमोजे आणि चष्मा घालून सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. भांडं स्टीलचं घ्यावं, अॅल्युमिनियमचं सोडा खातो. पाणी आपोआप कढत होतं. ते निवलं की तेलात घालून घोटायचं. मिश्रण कढीसारखं दाट झालं की कोमट पाण्यात कालवलेला एखाद-दोन चमचे मध घालायचा. जास्त घातला तर मधातली साखर तापते, मिश्रण फुगून साच्याबाहेर येतं आणि वडी करपल्यासारखी काळपट होते. मग वड्या चार-सहा आठवडे वाऱ्यावर वाळू द्यायच्या.

मध तापवू नये, असं म्हातारी माणसं सांगत. इथं तर तो तापतो आणि खारात शिजतो. त्याचा औषधी गुण त्यात टिकेल, असं मला वाटत नाही. साखरेनं फेस मात्र वाढतो आणि वडीला तांबूस रंग येतो. तेव्हा वेष्टनावर ‘मधाचा साबण’ जरूर लिहावं, पण त्वचारोग बरा होतो असं लिहू नये. गिऱ्हाईक एकदाच फसतं.

मग मध घालायचाच कशाला? माझ्या मते तो घालावा, पण पेटीतला घालावा आणि पाळणाऱ्याला नीट दाम देऊन घ्यावा. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या घराला चार पैसे मिळाले तर तो माश्या राखील आणि माश्यांसाठी झाडं राखील. आमच्या शहरात मात्र इमारतीच्या सज्जाखाली आग्याचं पोळं दिसलं की लोक औषध मारायला माणूस बोलावतात. अशा वेळी माश्या न मारता हलवणारा जाणकार बोलवावा. साबणाला मध नसला तरी चालतं. मधाला मात्र माशी लागते आणि माशीला फुलोरा लागतो. आमचा बराचसा फुलोरा इमारतींखाली गेला. जो उरलाय, त्याची किंमत त्या चमचाभर मधात धरली पाहिजे.