इमारत, निर्लेखन आणि लेकरू : मुखेड परिसरातील शालेय सुरक्षिततेस मिळालेल्या शासकीय साहाय्याचा विचार

मुखेड आणि त्याच्या आसपासच्या गावांत बोलीची शब्दसामग्री गोळा करीत असताना प्रस्तुत लेखकास एक गोष्ट वारंवार जाणवली. शाळेच्या बांधकामाविषयी लोक जे शब्द योजतात ते एका घराण्याचे आहेत, आणि शाळेतील मुलांच्या जपणुकीविषयी शासन जे शब्द योजते ते दुसऱ्या घराण्याचे आहेत. इमारत, दुरुस्ती, मरम्मत, मंजुरी, खर्च हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. निजामी राजवटीच्या पुष्कळ आधी ते मराठीत रुजले होते; त्या राजवटीत मराठवाड्याच्या दप्तरी भाषेत दृढ झाले आणि १९४८ नंतरही जिभेवर तसेच राहिले. याउलट सुरक्षा, समिती, आपत्ती व्यवस्थापन हे शब्द संस्कृताच्या टांकसाळीत पाडलेले असून ते कागदावरून गावात उतरले आहेत. पहिल्या घराण्यातील शब्दांनी ज्या वस्तू सांगितल्या जातात त्यांच्यासाठी शासनाकडून पैसा मिळतो, मग तो उशिरा का होईना. दुसऱ्या घराण्यातील शब्दांनी जे सांगितले जाते त्याच्यासाठी बहुधा परिपत्रक मिळते. हा भेद योगायोगाचा नाही, असे दाखविण्याचा येथे यत्न केला आहे.

हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या वेळी गावोगावच्या शाळांपैकी कित्येक मारुतीच्या देवळात, चावडीत, नाही तर एखाद्या देशमुखाच्या वाड्याच्या ओसरीत भरत. जेथे सरकारी इमारत होती तेथे ती प्रदेशाच्या रीतीप्रमाणे काळ्या दगडाच्या जाड भिंतींची असे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळांबरोबर या इमारतीही त्यांच्याकडे गेल्या. 'निजामकालीन शाळा' हा शब्दप्रयोग मराठवाड्यात आजही रूढ आहे आणि त्या शाळांच्या वर्गखोल्यांचे पुनर्बांधकाम हा विषय शासनास अगदी अलीकडच्या वर्षांत स्वतंत्रपणे हाती घ्यावा लागला, यावरून त्या वारशाचे आयुष्य किती लांबले हे ध्यानात येईल.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन खोल्या, पुढे ओसरी, आणि मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे असावीत, असे तिचे माप होते. हे माप चांगलेच होते. परंतु इमारतींचा पैसा प्रामुख्याने ग्रामीण रोजगाराच्या योजनांतून यावयाचा होता. मजुरास काम मिळावे हा ज्या निधीचा पहिला हेतू, त्यातून उभी राहिलेली भिंत किती भार सोशील हा प्रश्न साहजिकच दुसऱ्या क्रमांकावर गेला. शिवाय 'सर्व ऋतूंत' या शब्दांत पाऊस आणि ऊन येते. भूकंप येत नाही.

तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जित करून गावे नुकतीच निजली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या भागांत जी मनुष्यहानी झाली तिचा अधिकृत आकडा सुमारे आठ हजारांच्या घरात जातो. भूकंपाचे मान सहापेक्षा थोडेसेच अधिक होते. जगात असे भूकंप दरवर्षी अनेक होतात. येथे माणसे मारली ती घरांनी. दगडाची दोन-अडीच फूट जाडीची भिंत, मातीचा गिलावा, दोन्ही अंगांच्या दगडांना परस्परांशी बांधणारा लांब दगड कोठेच नाही, आणि माथ्यावर लाकडी तुळयांवर रचलेले जड माळवद. उन्हाळ्यात ज्या माळवदाने पिढ्यांना गारवा दिला त्याखालीच पिढ्या गाडल्या गेल्या. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा मुलूख सर्वांत निर्धोक समजल्या जाणाऱ्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये भारतीय मानकात सुधारणा झाली, तेव्हा तो पहिला विभागच रद्द करण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

शाळांच्या इतिहासाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावयास हवी. भूकंप पहाटे झाला. मुले शाळेत नव्हती. जी मुले दगावली ती आपापल्या घरी, आईच्या कुशीत दगावली. त्यामुळे किल्लारीच्या स्मृतीत घर हेच मरणाचे स्थान झाले. शाळा तसे झाले नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने जो पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्यात बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. त्या गावांना शाळा व अंगणवाड्याही मिळाल्या, भूकंपास तोंड देतील अशा रीतीने बांधलेल्या. परंतु त्या नव्या गावांबाहेर, त्याच दगडाच्या आणि त्याच मातीच्या, त्याच पद्धतीने उभारलेल्या जुन्या शाळागृहांची सरसकट तपासणी व्हावी, असा लोकांचा रेटा निर्माण झाला नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तो सकाळी पावणेनऊच्या सुमारास. अंजार येथे प्रजासत्ताकदिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक ढिगाऱ्याखाली गेले. किल्लारीचा धक्का पाच-सहा तास उशिरा बसला असता तर मराठवाड्यातील शालेय सुरक्षिततेचा इतिहास निराळा लिहावा लागला असता. इतिहासकाराने 'असते तर' ची भाषा बोलू नये असे म्हणतात. पण सुरक्षिततेचा सारा विचार मुळात 'असते तर' चाच असतो.

यानंतरचे वळण मराठवाड्यात नव्हे, तमिळनाडूत घडले. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकघरातून लागलेली आग गवताच्या छपरास भिडली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्या प्रकरणी दाखल झालेल्या लोकहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये निर्णय दिला. सुरक्षित शाळेत शिक्षण मिळणे हा शिक्षणाच्या मूलभूत अधिकाराचाच भाग होय, असे त्यात स्पष्ट करण्यात आले आणि शाळांत अग्निशमनाची साधने व राष्ट्रीय इमारत संहितेचे पालन बंधनकारक ठरले. त्याच वर्षी संमत झालेला बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत सर्व ऋतूंस योग्य इमारत, अडथळ्यावाचून प्रवेश, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, शुद्ध पाणी आणि आवारभिंत अथवा कुंपण यांची गणना आहे. कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. दगडाविटांच्या सुरक्षिततेपासून मुलाच्या अंगापर्यंत कायदा प्रथमच येथे पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता निर्लेखनाकडे वळू. हा शब्द कोशापेक्षा कचेरीत अधिक भेटतो. शासकीय वस्तू निरुपयोगी झाल्यावर ती नोंदवहीतून कमी करणे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे. व्युत्पत्तीने पाहिल्यास 'लिहिलेले नाहीसे करणे'. धोकादायक वर्गखोली पाडावयाची तर आधी तिचे निर्लेखन व्हावे लागते. त्यासाठी मुख्याध्यापकाचा प्रस्ताव, शालेय व्यवस्थापन समितीचा ठराव, अभियंत्याचा पाहणी अहवाल, मग जिल्हा परिषदेची मंजुरी, असा क्रम असतो. निर्लेखन झाले नाही तर खोली पाडता येत नाही; ती पडली नाही तर नवीन खोलीस जागा आणि समर्थन दोन्ही मिळत नाहीत; आणि निर्लेखन झाले पण नवीन खोलीचा निधी आला नाही तर वर्ग व्हरांड्यात किंवा झाडाखाली भरतो. या तिन्ही अवस्थांतील शाळा मराठवाड्यात हिंडणाऱ्यास दिसतात. कागदोपत्री नाहीशी झालेली परंतु प्रत्यक्षात उभी असलेली खोली हा एक विलक्षण पदार्थ आहे. मधल्या सुटीत मुले तिच्याच सावलीला बसतात. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले मेली. दुसऱ्याच दिवशी केंद्र शासनाने सर्व राज्यांना शाळांची सुरक्षा-तपासणी करण्यास सांगितले. तपासणीनंतर जे सापडते त्याची वाट पुन्हा निर्लेखनाच्याच फायलीतून जाते.

त्यानंतर महिनाही लोटला नव्हता तोच, ऑगस्टच्या १७ व १८ तारखांच्या दरम्यान, मुखेड तालुक्यावर अतिवृष्टीचे संकट आले. हसनाळ आणि शेजारच्या गावांत रात्रीतून पाणी शिरले, माणसे व जनावरे वाहून गेली, आणि बचावकार्यासाठी लष्करास पाचारण करावे लागले. अशा प्रसंगी खेड्यात सर्वांत आधी आठवते ती शाळा, कारण गावातील पक्की व सार्वजनिक जागा तीच. ज्या वास्तूत मुले सुरक्षित आहेत की नाहीत याविषयी आपण साशंक असतो, तीच वास्तू संकटात साऱ्या गावाचा आसरा होते. भूकंपाच्या बाबतीतही हा तालुका निश्चिंत राहू शकत नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली-नांदेड-परभणी भागास जे धक्के बसले ते दोन्ही सकाळचे होते, आणि दुसरा तर सात वाजून गेल्यावर.

इमारतीचा विचार येथवर. मुलाच्या देहाचा विचार शासनाने निकडीने केला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर. शाळांतून सखी सावित्री समित्या स्थापन कराव्यात असा निर्णय मार्च २०२२ मध्येच निघालेला होता. तो अमलात किती आला हे बदलापूरनंतर सर्वांस कळले. २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पूर्वचारित्र्य पडताळणी आणि विद्यार्थी सुरक्षा समिती यांविषयी आदेश दिले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली व तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली.

या आदेशांत कॅमेरा आहे, पेटी आहे, समिती आहे. माणूस कोठे आहे? जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत शिपायाचे वा चौकीदाराचे पद नसते. शाळा उघडणे, झाडणे, घंटा देणे आणि कुलूप लावणे ही कामे गुरुजी आणि मुले मिळून करतात. दोन शिक्षकांच्या शाळेत एक शिक्षक तालुक्याच्या बैठकीस गेला की राहिलेल्या एकाकडे चार इयत्ता येतात. कॅमेरा खरेदी करता येतो, त्याची मंजुरी निघते, पुढे त्याचे निर्लेखनही होऊ शकते. राखणदाराचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. शासकीय साहाय्य वस्तूकडे झुकते याचे कारण अधिकाऱ्यांच्या निष्ठुरपणात शोधण्यापेक्षा हिशेबाच्या या रचनेत शोधावे, असे आमचे मत आहे.

या नियमास एक लक्षणीय अपवाद आहे. मुखेड-कंधारच्या बालाघाटी भागातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस व वीटभट्ट्यांवर जातात. त्यांची मुले बरोबर गेली तर फडात आणि बैलगाड्यांच्या आसपास वाढतात. मागे राहिली तर संध्याकाळी त्यांना पाहणारे कोणी नसते. त्यांच्यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना चालविली. शालेय व्यवस्थापन समितीमार्फत मुलांच्या जेवणाची सोय करावयाची, म्हणजे मूल आजीपाशी गावात राहू शकेल, असा तिचा आशय. तिला 'सुरक्षा' हे नाव कोणी दिलेले नाही. तरीही येथे पैसा वस्तूवर न जाता मुलाच्या रोजच्या दोन घासांवर जातो, आणि त्या घासांमुळे मूल धोक्याच्या जागेपासून दूर राहते. योजनेचे दोष अनेक सांगितले जातात. निधी हंगामाच्या मध्यावर पोहोचणे हा त्यांतील नेहमीचा.

शेवटी भाषेच्या प्रश्नाकडे येतो, कारण लेखकाचा अधिकार असलाच तर तेवढ्यापुरता आहे. कायद्याने शालेय व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असतात. मुखेडच्या बाजूला तेलंगण व कर्नाटक या दोन राज्यांच्या सीमा जवळ येतात; तालुक्यात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू कानी पडतात, आणि तांड्यांवर गोरमाटी हीच घरची भाषा. अशा एका तांड्यावरील शाळेच्या समितीत असलेल्या बाईंना लेखकाने 'सुरक्षा' म्हणजे काय, असे विचारले. त्यांनी प्रथम मुख्याध्यापकांकडे पाहिले. मग 'जपणूक' हा शब्द सुचविल्यावर त्या मराठीतच म्हणाल्या, "लेकरू सांजच्याला घरी आलं म्हंजी झालं." त्याच शाळेच्या भिंतीवर सुरक्षा आराखडा लावलेला होता. त्यात 'आपत्कालीन निर्गमन मार्ग' असे शब्द होते आणि बाणाचे टोक एका दाराकडे होते. त्या दारास बाहेरून कडी होती. ती का लावली आहे, असे विचारता गुरुजींनी सांगितले की पलीकडची खोली निर्लेखनाच्या यादीत आहे, मुलांनी तिकडे जाऊ नये म्हणून.