सांगड आणि शिडी

श्रावणातला शेवटचा सोमवार हा अकोल्याच्या जुन्या शहराचा मोठा सण. आदल्या दिवशी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून निघालेल्या कावडी रात्रभर चालत शहरात येतात आणि ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक होतो. ही परंपरा १९४४ च्या दुष्काळाच्या वेळी सुरू झाली असे सांगतात. कावड वाहणाऱ्याला पदार्थविज्ञान शिकवावे लागत नाही. पुढचा घडा जड झाला की तो खांदा थोडा पुढे सरकवतो. वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा झाला की कावड तोलते.

पाणी भरण्याच्या वेळी पूर्णेच्या पात्रात बचावपथकांच्या बोटी उभ्या असतात. त्या पाहताना आमच्या मनात एक साधा प्रश्न येतो. पाण्यात पडलेला माणूस बोटीपर्यंत पोहोचला, पण तो वर चढणार कसा? बोटीवर चढण्याची शिडी ही किरकोळ वस्तू वाटते. पण ती कोणती घ्यावी आणि कोठे लावावी, याचे उत्तर शोधताना तरंगण्याच्या शास्त्राचा बराच इतिहास हाती लागतो.

सांगड : शब्द आणि वस्तू

दोन भोपळे, दोन ओंडके किंवा दोन होड्या एकमेकींना बांधून केलेले तरंगते साधन म्हणजे सांगड. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण त्यामागची नदी विसरतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात, भारताच्या पूर्व किनाऱ्यावर एकसंध ओंडक्यांच्या जोडून बांधलेल्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या नौकांचा उल्लेख आहे. हा शब्द आणि आपली सांगड एकाच कुळातली असावी, असे काही अभ्यासक मानतात. ‘कॅटामरान’ हा शब्द तर सरळ तमिळमधून जगभर गेला. त्याचा अर्थ ‘बांधलेले लाकूड’.

आज सहलीच्या तलावांवर दिसणारी पाँटून बोट ही सांगडच आहे. दोन लांब पोकळ नळकांडी आणि त्यांवर सपाट फळी. १९५२ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अँब्रोज वीरेस या शेतकऱ्याने लोखंडी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी फळी बसवून अशी बोट केली आणि पुढे तिचा कारखानाच उभा राहिला. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधणाऱ्या आमच्या पिढीला त्या पिंपांची गंमत समजावून सांगायला नको.

पाण्यावरचा तोल

वस्तू तरंगते का, हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सांगितले. पण कललेली नौका पुन्हा सरळ होईल की उलटेल, याचे नौकाबांधणीत वापरता येईल असे गणित व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगे याने १७४६ साली ‘मेटासेंटर’ ही कल्पना मांडली. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी गेलेल्या मोहिमेबरोबर तो दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात होता आणि नौकांवरील ग्रंथाचा मोठा भाग त्याने तेथेच लिहिला. १७४९ मध्ये ऑयलरचाही याच विषयावरील ग्रंथ आला.

या गणिताचा गाभा असा, की नौकेचा पाण्याच्या पातळीवरचा जो छेद असतो, त्याचा प्रत्येक भाग मध्यरेषेपासून किती दूर आहे, त्या अंतराचा वर्ग महत्त्वाचा ठरतो. म्हणून नुसते क्षेत्रफळ पुरत नाही. ते दूर असावे लागते.

एक ढोबळ उदाहरण घेऊ. ६ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद अशी चौकोनी होडी आणि ६ मीटर लांब, ०.६ मीटर व्यासाच्या दोन नळकांड्यांची सांगड. नळकांड्यांच्या मध्यरेषांतले अंतर १.८ मीटर आहे आणि ती अर्धी बुडालेली आहेत. दोन्ही नौकांचे एकूण वजन १,७०० किलो. पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ दोन्हींचे सारखेच, ७.२ चौरस मीटर. पण सांगडीचा कलण्याला होणारा विरोध मोजणारी राशी होडीच्या सातपट येते! नौकेचा गुरुत्वमध्य बुडालेल्या भागाच्या मध्यापेक्षा ४० सेंटिमीटर वर आहे असे धरले, आणि ६० किलोचा माणूस कडेवरून चढू लागला, तर होडी सुमारे ११ अंश कलते. सांगड एक अंशही कलत नाही.

आता होडीतले चार जण त्याला ओढायला त्याच कडेला धावले तर काय होईल, हे सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट लाटांनी कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला गेले आणि ती बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आपल्या वऱ्हाडात १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला.

सांगडीलाही मर्यादा आहे. एका बाजूचे नळकांडे पूर्ण बुडाले की ते आणखी आधार देऊ शकत नाही. आणि सांगड एकदा उलटली की उलटी सुद्धा तितकीच घट्ट बसते.

शिडी कोठे लावावी?

अरुंद होडीचे उत्तर स्पष्ट आहे. शिडी टोकाला लावावी, कारण लांबीच्या दिशेने होडी अतिशय स्थिर असते. वरच्या उदाहरणात टोकावरून चढल्यास कल अर्धा अंश एवढाच येतो. सांगडीत मात्र तोल आपल्याला मोकळीक देतो. निवड इतर गोष्टींवर होते. मागच्या टोकाला इंजिनाचा पंखा असेल तर कोणी पाण्यात असताना इंजिन बंदच हवे, आणि शिडी पंख्यापासून दूर हवी.

दुसरा मुद्दा शिडीच्या कडकपणाचा. दोराची शिडी स्वस्त आणि हलकी असते. पण तिच्यावर पाय दिला की ती फळीखाली झुलते, पाय पुढे जातात, अंग मागे पडते आणि सारा भार हातांवर येतो. म्हणून ताठ, बोटीपासून थोडी सुटी राहणारी शिडी बरी. पायऱ्या गोल नळीच्या नकोत, सपाट हव्यात. ओल्या अनवाणी पायाला त्या टोचत नाहीत. ओल्या लुगड्यात चढणाऱ्या बाईला तर पाय ठेवायला रुंद जागा लागतेच.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. खालची पायरी पाण्याखाली निदान अर्धा मीटर असावी. पाण्यात शरीराचे वजन जवळजवळ जाणवत नाही. जसजसे आपण वर येतो तसतसे ते परत येते, आणि दमलेल्या माणसाला नेमकी शेवटची पायरी सर्वांत जड जाते. पायाला आधीच आधार मिळाला तर हे काम मांड्यांचे स्नायू करतात. नाहीतर ते दंडांना करावे लागते.

वर्गात करून पाहा

प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून तोंड घट्ट बांधा आणि ताणकाट्याला अडकवा. पिशवी बादलीत बुडलेली असताना काटा शून्याजवळ राहतो. ती हळूहळू वर उचला आणि मुलांना वाचन टिपायला सांगा. पाण्यातून वर चढणाऱ्या माणसाचा हाच आलेख.

मग दोन बंद रिकाम्या बाटल्या चिकटवून त्यांवर पुठ्ठा बसवा. दुसऱ्या दोन बाटल्या वीतभर अंतरावर ठेवून तसाच पुठ्ठा बसवा. मध्यापासून सारख्या अंतरावर एकेक नाणे वाढवत जा. कोणती सांगड आधी कलते, ते मुले स्वतःच पाहतील.

२१ जुलै २०२१ च्या रात्री अतिवृष्टी झाली आणि मोर्णेचे पाणी अकोल्यातल्या घरांत शिरले. अशा रात्री बोटीवाल्याला शिडीची आठवण येऊन उपयोग नाही. ती आधीच लावलेली असावी लागते. आणि तिची दोरी किंवा कडी पाण्यातल्या माणसाच्या हाताला लागेल अशीच हवी. शिडी फळीवर घडी घालून ठेवली असेल आणि ती सोडायला वर कोणी नसेल, तर खालच्याच्या लेखी ती बोटीवर नाहीच.