रजोनिवृत्ती आणि हृदयविकार

रजोनिवृत्ती म्हणजे बीजकोशांचे काम संपून मासिक पाळी कायमची थांबणे. गर्भारपण, औषध किंवा दुसरा आजार नसताना सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. त्यामुळे शेवटची पाळी कोणती हे वर्ष उलटल्यावरच कळते. भारतीय स्त्रियांत हे साधारण ४६-४७ व्या वर्षी घडते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. चाळिशीपूर्वी घडल्यास तिला अकाली रजोनिवृत्ती म्हणतात.

रजोनिवृत्तीआधीची काही वर्षे पाळी अनियमित होते. अंगातून वाफा निघतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, झोप मोडते, सांधे दुखतात, योनिमार्ग कोरडा पडतो, चिडचिड वाढते. माळव्याची रात्र तिच्या गारव्यासाठी नावाजलेली. पण इंदूरच्या रामबागेतल्या घरात पहाटे तीनला पंखा वाढवणाऱ्या बाईला त्या गारव्याचा काय उपयोग! घरचे ‘वयाचं आहे’ म्हणतात आणि विषय संपतो. अमेरिकेतील ‘स्वान’ या दीर्घकालीन पाहणीत वारंवार येणाऱ्या वाफांचा मध्यक कालावधी ७.४ वर्षे निघाला. ज्यांना त्या वारंवार किंवा वर्षानुवर्षे येतात त्यांच्यात पुढे हृदयविकारही अधिक आढळला.

रजोनिवृत्ती आणि हृदयविकार यांतला एक दुवा इस्ट्रोजेन हा आहे. हे संप्रेरक रक्तवाहिन्यांचे अस्तर लवचीक ठेवायला मदत करते. ते घटले की शेवटच्या पाळीच्या आगेमागे एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल वाढते, चरबी पोटावर साचू लागते आणि वाहिन्या ताठर होतात. पुढे वयाबरोबर रक्तदाबही चढतो. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासात (२००४) स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सुमारे नऊ वर्षे उशिरा येतो असे दिसले. मात्र त्याच अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचे पहिल्या झटक्याचे मध्यक वय ५३ निघाले, इतरत्र ते ५९ च्या घरात होते. लवकर थांबणारी पाळी आणि लवकर गाठणारा हृदयविकार, असे दोन्ही धोके भारतीय बाईच्या वाट्याला येतात.

इंदुरात स्त्रियांसाठी आधुनिक वैद्यक जुने आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बिटी १८८४ मध्ये येथे आल्या. आज महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि महाराजा तुकोजीराव होळकरांच्या नावाचे महिला रुग्णालय शहरात आहे. तरीही देशभर स्त्री-आरोग्याची व्यवस्था मुख्यतः बाळंतपणाभोवती उभी राहिली. पन्नाशीची बाई पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, गुडघ्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाते. तिचे कोलेस्टेरॉल तपासणे कुणाचेच काम ठरत नाही. पाळी थांबल्याचे कळले, की त्याच भेटीत रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर मोजायला हवा. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतर रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी होतेच.

गर्भाशय काढून टाकण्याचा, बोलीत ‘पिशवी काढण्याचा’, प्रश्न रजोनिवृत्तीला जोडूनच आहे. महाराष्ट्रातील बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांतील अशा शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये गदारोळ झाला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. सोबत दोन्ही बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. पंचेचाळिशीच्या आत असे झाल्यास हृदयविकार आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. बीजकोश राखले तरी ते काहीसे लवकर थकतात. पिशवी काढलेल्या बाईच्या हृदयाचा धोका म्हणूनच डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीखही धरून मोजावा.

घटलेले इस्ट्रोजेन बाहेरून देणाऱ्या संप्रेरक उपचारांची कहाणी वळणावळणाची आहे. ते हृदयाचे रक्षण करतात, हा समज २००२ मध्ये अमेरिकेच्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीने मोडला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरके एकत्र घेणाऱ्या गटात स्तनकर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकार वाढल्याने चाचणीचा तो भाग मध्येच थांबवला गेला. जगभर या गोळ्यांचा वापर झपाट्याने घटला. पण त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते! आज तज्ज्ञांचे मत असे, की साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर १० वर्षांत, तीव्र लक्षणांसाठी हे उपचार बहुतेक निरोगी स्त्रियांना देता येतात. केवळ हृदय वाचवायला मात्र देऊ नयेत. स्तनकर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेल्यांना ते सहसा दिले जात नाहीत.

आहाराच्या बाबतीत इंदूर अवघड शहर आहे. पोह्यांवर सेव, सोबत जिलेबी, रात्री सराफा बाजारात कचोरी. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे, आणि सेवेचे मीठ कुणी मोजत नाही. पोहे सोडायची गरज नाही. सेव मुठीऐवजी चिमटीने घ्यावी. आठवड्याला १५० मिनिटे वेगाने चालावे, सोबत थोडे वजन उचलण्याचे व्यायाम करावेत. तंबाखू आणि मिश्री बंद.

स्त्रियांच्या झटक्यातही छातीत दुखणे हेच मुख्य लक्षण असते. मात्र धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, गार घाम, न समजणारा थकवा ही लक्षणेही सोबत येतात, आणि घाम-धडधड ‘पाळी जायचं वय’ म्हणून खपून जाते. वाफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. चालताना वाढणारी आणि विश्रांतीने थांबणारी कळ किंवा धाप आली, तर लवकर हृदयतपासणी करावी; स्वस्थ बसूनही ती ओसरली नाही, तर लगेच रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.