कोबा: घोटून केलेल्या जमिनीची कुळकथा

कोल्हापुरात राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क इथल्या जुन्या फ्लॅटचे नूतनीकरण निघाले की हल्ली एक मागणी पुढे येते: नवी टाइल नको, जमीन सिमेंटचीच उघडी राहू द्या. मागणी करणारा तिला 'इंडस्ट्रियल लूक' म्हणतो आणि परदेशी घरांची छायाचित्रे दाखवतो. घरातली वडीलधारी माणसे विचारतात, "म्हणजे घर अर्धवटच ठेवणार का?" वाद दोघांत असला तरी समजूत एकच आहे. सिमेंटची उघडी जमीन ही आपली नव्हे, बाहेरून आलेली हौस आहे, असे दोघेही धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे. अशा जमिनीला आपल्याकडे कोबा म्हणतात आणि तिचे कूळ सिमेंटपेक्षाही जुने आहे. ते कूळ तपासले की व्यवहाराच्या उपयोगाची एक गोष्ट हाती लागते. या जमिनीचा गुण सिमेंटच्या पोत्यात कधीच नव्हता, तो ती करताना खर्च केलेल्या हातांत आणि दिवसांत होता. आज हौसेने केलेल्या अनेक उघड्या जमिनी धूळ सोडतात, तडकतात, डागाळतात, याचे कारण सिमेंट वाईट असते हे नाही. कूळ विसरून नुसते रूप उचलले जाते, हे आहे.

सर्वांत आधीची जमीन मातीची. मुरूम पसरायचा, पाणी मारायचे, चोपायचे आणि शेणाने सारवायचे. सारवण टिकत नाही, ते पुन्हापुन्हा करावे लागते, आणि ते बायकांनीच करायचे अशी वहिवाट होती. ही मेहनत एकदाच करून वर्षानुवर्षे टिकवायची तर मातीऐवजी चुना हवा. तिथून चुन्याचा कोबा आला. काळ्या रानात सापडणारी चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मग बैलाच्या घाणीत वाळू किंवा विटांच्या भुकटीबरोबर, म्हणजे सुरखीबरोबर, मळायचा. खाली विटांचे रोडे अंथरायचे, त्यावर हा मळलेला चुना, आणि मग चोपणी सुरू. मजूर रांगेने उकिडवे बसून लाकडी चोपणे घेऊन पुढे सरकत आणि हे काम एका दिवसात आटोपत नसे. थर आवळत जाईल तसे गूळ आणि हिरड्याचे पाणी शिंपडत चोपत राहायचे, तेही कित्येक दिवस. गुळाने मिश्रणाचे आवळणे लांबते आणि चोपायला वेळ मिळतो. हिरड्याच्या तुरट पाण्याने थर घट्ट बसतो, असा गवंड्यांचा पिढीजात अनुभव. कोल्हापूरच्या मुलखाला दोन्ही वस्तू परक्या नव्हत्या. हिरडा शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या डोंगरांत होतो, आणि गुळाच्या व्यापारासाठी तर शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली. शेवटी निरूचा, म्हणजे गाळलेल्या चुन्याचा, पातळ हात देऊन जमीन गुळगुळीत दगडाने घोटायची. पाणी आत शिरणार नाही इतकी ती मिटली की कोबा झाला.

हा कोबा आजही कोल्हापुरातल्या जवळजवळ प्रत्येक अपार्टमेंटच्या डोक्यावर आहे, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. गच्चीवर पाणी अडवायला करतात त्याला कंत्राटदार अजून 'ब्रिकबॅट कोबा' म्हणतात: विटांचे तुकडे, त्यांत मसाला, उतार, आणि वर सिमेंटचा घोटलेला थर, त्यावर सुतळी दाबून पाडलेल्या चौकटी. चुन्याच्या जागी सिमेंट आले, चोपणी जवळजवळ गेली, पण रचना तीच राहिली. म्हणून उघड्या सिमेंटच्या जमिनीला परकी म्हणणे मला पटत नाही. ती घरातून गेली, पण इमारतीतून गेलेली नाही.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येतो. चुन्याचा कोबा आपला असेल, पण सिमेंट तर विलायती. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली घेतले, आणि त्याला पोर्टलंडच्या इमारती दगडाच्या रंगावरून नाव दिले. मग नाते कसले? नाते रसायनाचे आहे. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कठीण होतो. त्यात भाजलेल्या विटेची भुकटी पडली की भुकटीतली सिलिका पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी जुळते आणि कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते. पोर्टलंड सिमेंट पाण्यात कालवल्यावर त्याला मुख्यतः ताकद देणारा पदार्थही हाच. सिमेंटच्या कारखान्यात चुनखडी आणि माती एकत्र भाजून घेतात, आपल्या गवंड्याने त्या दोन्ही वेगवेगळ्या भाजून घाणीत एकत्र आणल्या. रोमन लोकही कौलांची भुकटी चुन्यात घालून जमिनी चोपत. मोरोक्कोतले कारागीर चुन्याचा गिलावा दगडाने घोटून साबणाने मिटवतात. एकाच युक्तीची ही निरनिराळी घरे आहेत. सिमेंटने वेग आणला, ताकद वाढवली, आणि त्या वेगाबरोबर एक दोषही आणला, त्याकडे पुढे येऊ.

हिंदुस्थानात सिमेंट आधी जहाजाने, लाकडी पिंपांतून येत असे. कोल्हापूरला मिरजेकडून रेल्वे १८९१ मध्ये पोचली होती. तरी आयातीचा हा माल जमिनीवर पसरण्याइतका स्वस्त नव्हता. १९१४ साली पोरबंदरला इंडियन सिमेंट कंपनीचे उत्पादन सुरू झाले, पहिल्या महायुद्धाने आयात आटली, नंतर कारखाने वाढले, आणि १९३६ मध्ये बऱ्याच कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. याच काळात चुन्याच्या कोब्याची जागा सिमेंटच्या कोब्याने घ्यायला सुरुवात केली. सरकारी बांधकामाच्या भाषेत त्याला 'इंडियन पेटंट स्टोन' म्हणत, आणि साइटवर आजही आयपीएस म्हणतात: एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी, दीड-दोन इंच जाडी, वर सिमेंटची घोटाई. राहत्या घरात हा राखाडी रंग नको असेल तर वरच्या थरात लोखंडाच्या ऑक्साइडचा लाल रंग मिसळून लाल कोबा करायचा. नीट घोटलेला लाल कोबा वर्षानुवर्षांच्या पायांनी आणि पुसण्याने आणखी चमकत जातो. शाळा, दवाखाने, गोदामे, चाळी, उद्यमनगरातले कारखाने अशा राबत्या जागांसाठी साधा राखाडी कोबा सोयीचा होता. कारण उघड आहे: सांधे कमी, धुवायला सोपा, जड वस्तू ओढली तरी फुटणारी कड नाही.

मग तो घरांतून का गेला? दरिद्री दिसतो म्हणून, असे उत्तर तयार असते. त्यात तथ्य आहे, पण ते पुरे नाही. मोठे कारण असे की जमीन करण्याचे श्रम साइटवरून कारखान्यात गेले. १९२२ साली मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली आणि सिमेंटचीच फरशी साच्यात दाबून, रंगवून, पाण्यात मुरवून तयार मिळू लागली. मोझॅक फरशी हे त्याच घराण्यातले पुढचे पान, आणि तीही सिमेंटचीच. दुसरीकडून कलबुर्गीकडची शहाबादी आली, तिला तर भाजणेही नको. तिसरे कारण सिमेंटची टंचाई. स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ सिमेंटचे भाव आणि वाटप सरकारच्या हाती होते. सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात बिल्डरांकडून ट्रस्टला देणग्या घेतल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर १९८२ च्या जानेवारीत अ. र. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, इतके ते पोते मोलाचे होते. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण. पण सिमेंट मुबलक झाले तेव्हा अपार्टमेंटचा जमाना आला होता. बिल्डरला प्रत्येक मजल्याची जमीन आठवडा-दहा दिवस पाण्याखाली ठेवून थांबणे परवडत नव्हते. टाइल बसवली की दोन दिवसांत पुढचा कारागीर आत. मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइलने उरलेले काम केले. कोबा हरला तो वेळेच्या हिशेबात. टिकाऊपणाच्या हिशेबात तो हरला नव्हता.

दारिद्र्याच्या मुद्द्याला मात्र बगल देता येणार नाही. ज्यांचे बालपण उखडलेल्या कोब्यावर गेले, ज्यांच्या आयांनी त्या खड्ड्यांतून पाणी पुसले, त्यांनी पहिल्या कमाईत टाइल बसवली. त्यांना आज कुणी 'उघडे सिमेंट किती प्रामाणिक' असे सांगू लागला तर ते त्यांच्या आयुष्याचा अपमान ठरेल. गरीब घरातल्या जमिनी वाईट होत्या हे खरेच. पण त्या तशा का होत्या ते पाहावे. खालची माती चोपलेली नव्हती, काँक्रीट पातळ होते, सिमेंट कमी होते, पाणी मारले गेले नव्हते. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव पावसाळ्यात फुगण्याचा आणि उन्हाळ्यात भेगाळण्याचा, तिच्यावर मुरमाची भर न घालता ओतलेला थर तडकणारच. त्या घरांत कोबा अपुरा केला गेला होता, आणि तो अपुरा असण्याचे कारण पैसा होते. त्याच काळात पैसेवाल्याच्या बंगल्यातला लाल कोबा आरसा झाला होता. हीच गोष्ट उलट दिशेने आजच्या हौशी मालकालाही लागू पडते. पैसा आहे म्हणून जमीन आपोआप चांगली होत नाही. तिला वेळ दिला गेला की नाही, हेच पुन्हा ठरवते.

नूतनीकरणात नेमके इथेच बिनसते. टाइल उखडली की खाली सिमेंटची जमीन सापडेल अशी कल्पना असते. सापडते ती टाइलखालची भर: कमी सिमेंटचा, वाळूचा, ठिसूळ थर. तो बोटाने खरवडता येतो आणि कितीही सीलर फासले तरी जमीन होत नाही. खरा कोबा करायचा तर ती भर काढून स्लॅब उघडा करावा लागतो, खरवडून ओला करावा लागतो, सिमेंटचे दूध लावून मग नवे काँक्रीट ओतावे लागते. दोन इंच जाडीच्या थराचे वजन ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, अकराशे किलोच्या आसपास भरते. भर काढून त्या जागी तो थर आला तर सहसा फारसा फरक पडत नाही, पण जुन्या टाइलवरच ओतायचा बेत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालू नये. वजन टाळायला दोन-तीन मिलिमीटरचे मायक्रोसिमेंट लावतात. तो लेप आहे. त्याखालचा थर हलला की तोही तडकतो. त्याला कोबा समजून पैसे मोजू नयेत.

आणि आता तो वेगाचा दोष. सिमेंट आवळताना आकसते. चुन्याचा थर दिवसेंदिवस चोपला जाई, त्यामुळे पडणाऱ्या भेगा पडता पडता बंद होत. सिमेंट काही तासांत घट्ट होते, चोपायला सवड देत नाही, म्हणून भेग कुठे पडावी हे आधीच ठरवून ठेवावे लागते. जुने गवंडी जमिनीचे लहान चौकोन पाडून मधे काचेची पट्टी बसवत, ती सजावट नव्हती. १९७० च्या आयएस 2571 या भारतीय संहितेतही जागेवर ओतलेल्या काँक्रीटची जमीन पट्ट्यापट्ट्यांनी करायला सांगितले आहे. आज मालकाला भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड राखाडी पट हवा असतो, सांधा दिसता कामा नये असा हट्ट असतो, मग सांधा भेगेच्या रूपाने स्वतःच जागा शोधतो. दुसरा जुना नियम पाण्याचा: ओतल्यापासून निदान आठवडाभर जमीन ओली राहिली पाहिजे. वरचे पाणी लवकर सुकावे म्हणून कोरडे सिमेंट भुरभुरवून घोटणे हा सोपा मार्ग आहे, आणि केसासारख्या बारीक भेगा आणि पायाला लागणारी पांढरी धूळ बहुधा त्यातूनच येते. पृष्ठावरचे पाणी आपोआप उडेपर्यंत थांबायचे आणि मग लोखंडी थापीने दाबून, थांबून, पुन्हा दाबून घोटायचे, हे ज्याला जमते असा गवंडी आधी शोधावा, रंग मागाहून निवडावा. स्वयंपाकघरापुरती तक्रार मी मान्य करतो. सिमेंट अल्कधर्मी आहे, लिंबू, चिंच, ताक सांडले की ते खाल्ले जाते, आणि तांबड्या रश्श्याचा तवंग सीलर नसेल तर आत मुरतो. ओट्याखाली शहाबादी किंवा टाइल ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मला वाटतो तो वेगळाच. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे, त्यातला मोठा भाग चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो, इंधन कुठलेही वापरले तरी. चांगल्या स्थितीतली टाइल फोडून, तिचा राडारोडा गावाबाहेर टाकून, तिच्या जागी नवे काँक्रीट ओतणे याला साधेपणा म्हणता येत नाही. म्हणून माझे मत असे की टाइल पोकळ वाजत असेल, फुटली असेल, गळतीसाठी काढावीच लागत असेल, तरच हे काम काढावे. आणि काढण्याआधी एका कोपऱ्यातली एक टाइल उचलून खाली काय आहे ते पाहावे. जुन्या इमारतींत नवी टाइल पुष्कळदा जुन्या मोझॅक फरशीवरच चिकटवलेली असते. मोझॅकचा वरचा थर सिमेंट आणि संगमरवराच्या चिप्सचा आहे, त्याच कुळातला, कारखान्यात नीट मुरलेला. टाइल आणि तिचा चिकट मसाला जपून काढला, फुटक्या फरश्या बदलल्या आणि पॉलिशवाल्याने जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत यंत्राचे हात दिले की सिमेंटची जमीन मिळते, आणि एक पोते सिमेंटही जेमतेम लागते.