घरातला दिवा आणि त्याचा हिशेब

दिवेलागणीला दिव्याला हात जोडण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे. समई मागे पडली, कंदील आला. कंदील खुंटीवर गेला, विजेचा गोळा आला. पण ही रीत टिकून राहिली. बदलला तो दिव्याचा हिशेब. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या मराठी वस्तीच्या तालुक्यांत हा हिशेब कसा बदलत गेला, आणि वीज वाचविणारा दिवा घेताना गृहस्थाने काय पाहावे, याचा आज विचार करावयाचा आहे.

म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रमची वीज 1902 साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि 1905 साली बंगळूरचे रस्ते तिने उजळले. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात आले. सोयरीक होती तशीच राहिली. विजेचा कारभार मात्र दोन राज्यांत विभागला गेला. 1957 साली म्हैसूर राज्य वीज मंडळ स्थापन झाले. 2002 पासून या जिल्ह्यांचा वीजपुरवठा गुलबर्गा वीजपुरवठा कंपनीकडे, म्हणजे जेस्कॉमकडे आहे.

तारा गावात आल्या म्हणजे दिवा प्रत्येक घरात गेला असे नव्हे. जोडणीची रक्कम नसलेल्या घरात घासलेटची चिमणीच जळत राहिली. अशा घरांसाठी कर्नाटक सरकारने 1979-80 मध्ये 'भाग्यज्योती' योजना काढली. एका घराला एक दिवा, आणि तो 40 वॉटचा. रोज पाच तास लावला तर महिन्याला 6 युनिटे होतात. त्या एका गोळ्याखाली चूल, जेवण आणि मुलांचा अभ्यास हे सारे उरकावे लागे. तेथे काटकसरीचा उपदेश कोणाला करावयाचा?

उधळपट्टी करीत होता तो गोळा स्वतः. तापलेल्या तारेपासून प्रकाश काढण्याच्या त्या रीतीत विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो. प्रकाश होतो तो शेकडा पाचच्या आसपास. नळीच्या दिव्याने ही नासाडी पुष्कळ कमी केली. पण चोक-स्टार्टरची ती नळी कमी दाबावर पेटत नाही, आणि खेड्यांत शेतावरचे पंप चालू झाले की विजेचा दाब उतरतो. पुढे तीच नळी वळवून लहान केली आणि गोळ्याच्याच जागी बसविली. हा सीएफएल दिवा. जुना गोळा देऊन 15 रुपयांत असा दिवा मिळावा, अशी 'बचत लॅम्प योजना' केंद्र सरकारने 2009 साली जाहीर केली.

सीएफएलचा दोष त्याच्या पोटातच होता. त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. प्रमाण थोडे खरे. पण दिवा घरात फुटला तर खिडक्या उघडून काही वेळ बाहेर थांबावे, झाडूने लोटू नये, जाड कागदाने तुकडे गोळा करून बंद डब्यात ठेवावेत, ही माहिती दिव्याबरोबर घरोघर पोचावयास हवी होती. फुटका दिवा उकिरड्यावर आणि तेथून खतातून शेतात, हा मार्ग आपल्याकडे फार जवळचा आहे.

त्यानंतर एलईडी आला. त्यात पारा नाही. निळा प्रकाश देणारा असा दिवा घडविल्याबद्दल तीन शास्त्रज्ञांना 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले, कारण त्याच्यावाचून पांढरा प्रकाश साधत नव्हता. 2015 च्या जानेवारीत केंद्राची 'उजाला' योजना निघाली. कर्नाटकात ती 'होस बेळकु', म्हणजे नवा प्रकाश, या नावाने आली. एलईडी दिव्याची सरकारी खरेदीची किंमत 2014 च्या आरंभी 310 रुपये होती; ती 2016 मध्ये 38 रुपयांवर उतरली.

आता हिशेब पाहू. 60 वॉटचा गोळा रोज पाच तास जळाला तर वर्षाला सुमारे 110 युनिटे लागतात. तेवढाच किंबहुना थोडा अधिक प्रकाश देणाऱ्या 9 वॉटच्या एलईडीला सुमारे 16 युनिटे पुरतात. युनिटला 6 रुपये धरले तर वर्षाकाठी साडेपाचशे रुपये वाचतात. दुसऱ्या बाजूला, या दिव्यातील नाजूक यंत्रणा विजेच्या अचानक उसळीने जळते, आणि स्वस्त दिवा वेष्टनावर लिहिलेले आयुष्य क्वचितच भोगतो. घेताना हमीची पावती मागून घ्यावी.

परंतु ही बचत पडते कोणाच्या पदरात? ज्याला भाग्यज्योतीची वीज फुकट, त्याचे बिल कमी होत नाही. बचत होते ती राज्याची, आणि रायचूरच्या औष्णिक केंद्रातील कोळशाची. 1 जुलै 2023 पासून 'गृहज्योती' योजना लागू झाली. तिच्यात 200 युनिटांच्या मर्यादेत, 2022-23 च्या सरासरी वापरावर थोडी भर घालून फुकट विजेचा वाटा ठरविण्यात आला. याचा अर्थ असा की, ज्याने आधीच एलईडी लावून वापर उतरविला, त्याचा वाटा लहान ठरला आणि ज्याने जुने गोळे जाळले त्याचा मोठा. काटकसर करणाऱ्याला हा न्याय रुचणार नाही, आणि त्याची तक्रार रास्त आहे.

तरीही माझे मत एलईडीच्या बाजूनेच पडते, आणि त्याचे कारण बिलात नाही. एकदिवी घराचा खरा लाभ वाचलेल्या पैशात नसून वाढलेल्या प्रकाशात आहे. जेथे 40 वॉटचा एक गोळा मिणमिणत होता, तेथे तेवढ्याच विजेत 9 वॉटचे चार दिवे लागतात: एक चुलीपाशी, एक ओसरीवर, एक गोठ्यात, एक वहीवर. काळसर धातूवर बारीक रेषा कोरून त्यांत चांदीची तार ठोकणाऱ्या बीदरच्या कारागिराला विचारा. दिवसाअखेर किती युनिटे वाचली यापेक्षा रेघ दिसली की नाही, हे तो आधी सांगेल.

म्हणून गृहस्थाने एवढे करावे. जो दिवा सर्वांत अधिक वेळ जळतो तो प्रथम बदलावा. वाचलेल्या विजेतून आधी अंधाऱ्या कोपऱ्यात उजेड न्यावा आणि मग बिलाकडे पाहावे. आणि जुना सीएफएल उतरविताना तो उकिरड्यावर न टाकता वेगळा जपून ठेवावा.