साबिना गुझांती : राजकीय नकलांची किंमत मोजणारी अभिनेत्री

इटलीच्या विनोदी अभिनेत्री, नकलाकार व चित्रपट दिग्दर्शिका साबिना गुझांती यांचा जन्म २५ जुलै १९६३ रोजी रोम येथे झाला. त्यांचे वडील पाओलो गुझांती हे पत्रकार असून, २००१ मध्ये ते सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्या पक्षातर्फे सिनेटवर निवडून आले. साबिना यांनी मात्र आपल्या नकलांसाठी प्रामुख्याने बर्लुस्कोनी यांचीच निवड केली. डाव्या पक्षाचे नेते मास्सिमो दालेमा हेही त्यांच्या नकलेतून सुटले नाहीत.

१६ नोव्हेंबर २००३ रोजी 'राय' या सरकारी दूरचित्रवाणीच्या तिसऱ्या वाहिनीवर त्यांच्या 'रायऑट' या कार्यक्रमाचा पहिला भाग प्रसारित झाला. प्रसारमाध्यमांची मालकी एकाच हाती एकवटल्याबद्दल त्यात टीका होती. बर्लुस्कोनी त्या वेळी पंतप्रधान होते आणि 'मीडियासेट' या खाजगी दूरचित्रवाणी समूहाची मालकीही त्यांच्याच कुटुंबाकडे होती. या समूहाने कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला आणि 'राय'ने पुढील भागांचे प्रसारण थांबविले. त्यानंतर रोममधील सभागृहात झालेल्या प्रयोगाला हजारो लोकांनी गर्दी केली.

या अनुभवावर आधारित 'व्हिवा झापातेरो' हा त्यांचा माहितीपट २००५ मध्ये व्हेनिस महोत्सवात दाखविण्यात आला. लाक्विला येथील २००९ च्या भूकंपानंतरच्या कारभारावर टीका करणारा 'द्राक्विला' २०१० मध्ये कान महोत्सवात पोहोचला, तेव्हा इटलीच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी निषेध म्हणून महोत्सवाला जाण्याचे टाळले. पडद्यावरून दूर केलेली नकलाकार अशा रीतीने चित्रपटांतून पुन्हा प्रेक्षकांसमोर आली.