दोष पेटीत की तारेत?

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गाडीतल्या ॲम्प्लिफायरवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींनी निमंत्रणपत्रिका पुन्हा वाचली असेल. (हशा) पण कारण शोधणं हा आमच्या शास्त्राचा जुनाच धंदा आहे, आणि ‘आवाज का गेला?’ हा कारणाचाच प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीतल्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज सारखा उडू लागला. दुकानदार म्हणाला, “सर, पेटी गेली, नवीन घ्या.” घेतली. फ्यूज पुन्हा उडाला. मग कुणीतरी जास्त अँपिअरचा फ्यूज घालून दिला. तिसऱ्या दिवशी जळका वास आला. सीटच्या रुळाखाली तार घासून उघडी पडली होती, पत्र्याला टेकत होती, आणि आता तिचं प्लास्टिक वितळलं होतं. मागच्या सीटवर माझी नात बसली होती. तेव्हापासून मी या विषयाकडे हसून बघत नाही.

आता थोडं इतिहासात जाऊ. १९२७ च्या ऑगस्टमधली एक सकाळ. बेल लॅबोरेटरीजमधले इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदी फेरीबोटीने ओलांडून कामावर चालले होते. लांबच्या टेलिफोनला वाटेत एकामागून एक ॲम्प्लिफायर लागत, आणि प्रत्येक जण आवाज थोडा थोडा बिघडवी. ब्लॅकना बोटीवरच सुचलं की बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत द्यावा. आवाजाची वाढ कमी होते, पण बिघाडही कमी होतो. हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ते टिपून ठेवलं. पेटीच्या आतला मोठा दोष काबूत आणण्याची वाट अशी सापडली.

बाहेरचे दोष मात्र राहिलेच. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत रेडिओ बसवला, ‘मोटोरोला’ हे नाव तिथूनच आलं. त्या काळच्या मोटार रेडिओंची मोठी डोकेदुखी म्हणजे इंजिन सुरू होताच येणारी खरखर. ती स्पार्क प्लगच्या ठिणगीची होती. उपाय रेडिओत नव्हता. प्लगच्या तारांवर रेझिस्टर आणि डायनामोवर कंडेन्सर लावावे लागले. पुढे ट्रान्झिस्टर आले. फिल्को आणि क्रायसलर यांनी १९५५ साली पूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार रेडिओ जाहीर केला. नंतर डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, आणि खरखरीच्या जोडीला शिट्टी आली. ॲक्सिलरेटर दाबला की तीही चढते. पेटी सुधारत गेली, पण जोडणीचे दोष नवी रूपं घेत राहिले.

मग शोधायचं कसं? आपल्या नैयायिकांकडे अन्वय-व्यतिरेक आहे. एक असताना दुसरं असतं, हा अन्वय. ते नसताना नसतं, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रात जवळपास हेच सांगितलं. चांगला वायरमन ते रोज करतो, फक्त नाव घेत नाही.

पेटी अजिबात सुरू होत नाही? मीटर लावा. बॅटरीची तार, स्टिरिओकडून येणारी रिमोटची तार, दोन्हींवर १२ व्होल्टच्या आसपास हवेत. मग अर्थची तार बघा. ती रंगावर नव्हे, खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसलेली हवी. प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो? पेटी बंद करून स्पीकरच्या तारा सोडवा, पुन्हा सुरू करा. दिवा गेला तर दोष स्पीकरच्या बाजूला. शिट्टी येते? पेटी बंद करून स्टिरिओकडून येणाऱ्या आरसीए तारा काढा. शिट्टी थांबली तर ती त्या वाटेने येत होती; चालूच राहिली तर अर्थ आणि पॉवर तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की आवाज परत येईल, ज्ञान येणार नाही.

बोटीचं थोडं वेगळं. फायबरच्या बोटीला पत्राच नाही, म्हणून अर्थची तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हकडे न्यावी लागते. वर खारी हवा तांबं खाते, म्हणून तिथे कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात आणि आधी सांधे तपासतात.

शेवटी फ्यूज. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण तो पेटीसाठी नसतो, मधल्या तारेसाठी असतो. तो उडतो म्हणजे काहीतरी सांगतो. त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणं म्हणजे साक्षीदाराचं तोंड दाबणं. मी ते एकदा होऊ दिलं. नात सुखरूप आहे, म्हणून आज तुमच्यापुढे हे हसत सांगू शकतो.